डबा की वडी?

कोको पावडर चांगली की डार्क चॉकलेट, हा प्रश्न हल्ली जुईनगरात सकाळच्या फेरफटक्यातही निघतो. उत्तर वाटतं तितकं अवघड नाही. मात्र ते पाकिटाच्या दर्शनी बाजूवर छापलेलं नसतं.

जुईनगर हे तसं गाजावाजा नसलेलं ठिकाण. एका अंगाला सानपाडा, दुसऱ्या अंगाला नेरूळ, सायन-पनवेल हायवे ओलांडला की एमआयडीसी. पनवेलकडून आलेली गाडी इथून वाशीकडे जाते, नाहीतर तुर्भ्याकडे वळून ठाण्याला निघते. सिडकोच्या वसाहती, रेल्वे कॉलनी आणि सोसायट्यांच्या तळमजल्यावर ओळीने दुकानं. त्यातलं एखादं दुकान केक-सामानाचं असतंच. तिथे साचे, बटर पेपर, क्रीम आणि कोको पावडर मिळते. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी असते आणि गिऱ्हाईक फक्त घरून केक विकणाऱ्या बायकांचं नसतं. ट्रॅकपँट आणि बूट घातलेले, फिरून आलेले एक काका काउंटरवर टेकून विचारत होते, ‘‘शुगर बॉर्डरवर आलीय. गोड बंद केलंय. पण डार्क चॉकलेट चालतं ना? हार्टला चांगलं असतं म्हणे.’’

दुकानदाराने लगेच एक वडी पुढे केली. ‘‘हे घ्या काका, सेव्हन्टी पर्सेंट.’’

सोबतच्या काकूंनी ती परत सरकवली. ‘‘अहो, त्यापेक्षा कोको पावडरच घेऊ. दुधात घालता येईल.’’

‘‘मग ती काळी द्या,’’ काका म्हणाले. ‘‘काळी स्ट्राँग असते.’’

या बोलण्यात तीन दावे आहेत. डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं, पावडर त्याहून बरी, आणि काळी पावडर सगळ्यांत जोरकस. पहिला अर्धवट खरा आहे, दुसरा बराचसा खरा आणि तिसरा साफ उलटा.

एकाच बीच्या दोन वाटा

कोकोचं फळ झाडाच्या खोडालाच लगडतं. फळ फोडलं की आत पांढऱ्या गरात बिया असतात. गरासकट त्या काही दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, टरफल काढायचं. उरलेल्या गाभ्यात निम्म्याहून जरा जास्त स्निग्धांश असतो. हा गाभा वाटला की चरबीमुळे त्याचा आपोआप पातळ लगदा होतो. इथपर्यंत पावडर आणि चॉकलेट एकाच रस्त्याने येतात.

पुढे फाटा फुटतो. लगद्यात साखर आणि वरून आणखी कोको बटर घालून तो तासन्‌तास घोटला की चॉकलेट तयार होतं. तोच लगदा दाबयंत्रात घालून बटर पिळून काढलं की मागे घट्ट वडी राहते. घाण्यावर शेंगदाण्याचं तेल काढल्यावर पेंड राहते, तसाच हा प्रकार. ही पेंड दळली की कोको पावडर. बटर वेगळं काढण्याच्या यंत्राचं पेटंट १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटन घराण्याने घेतलं. त्याच घराण्यातल्या कोएनराड व्हॅन हाउटनने पावडरीवर क्षाराची प्रक्रिया करण्याची रीतही रूढ केली. ती पाण्यात नीट मिसळावी आणि तिचा आंबट-तुरटपणा जावा, हा हेतू होता. या दुसऱ्या करामतीकडे पुढे यायचंच आहे.

भारतात कोको उशिरा रुजला. कॅडबरीचं इथलं बस्तान १९४८ सालचं. १९६५ पासून केरळात कोकोच्या लागवडीला चालना मिळाली आणि नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून झाडं उभी राहिली. पुढे भाव कोसळले आणि बागायतदार अडचणीत आले. तेव्हा १९७३ साली मंगळूरला स्थापन झालेली सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था कॅम्पको कोकोच्या खरेदीत उतरली. १९८६ साली तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. आज आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू ही आपली कोकोची राज्यं आहेत.

महाराष्ट्राच्या वाट्याला शेतीपेक्षा कारखाना आणि डबा जास्त आला. ठाण्यात पोखरण रोडजवळच्या कॅडबरीच्या कारखान्याने एका अख्ख्या चौकाला नाव दिलं. जुईनगरहून लोकलने ठाण्याला उतरलेला माणूस रिक्षावाल्याला आजही ‘कॅडबरी जंक्शन’ असंच सांगतो. पुण्यात १९५६ साली वीकफिल्ड सुरू झाली आणि कस्टर्ड पावडर, बेकिंग पावडर, कोको पावडर असे डबे मराठी मध्यमवर्गाच्या फडताळात शिरले. आपल्याकडे कोको पावडर पहिल्यांदा आली ती वाढदिवसाच्या केकसाठी. आरोग्य वगैरे कुणाच्या मनातही नव्हतं.

तागडीत घातलं तर

आता दोन्ही समोरासमोर ठेवू. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यानुसार बिनसाखरेच्या १०० ग्रॅम कोको पावडरीत साधारण २२८ कॅलरी, १४ ग्रॅम चरबी, ३७ ग्रॅम तंतू, १९ ते २० ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम पावणेदोन ग्रॅम साखर असते. ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये जवळजवळ ६०० कॅलरी, ४२ ते ४३ ग्रॅम चरबी, ११ ग्रॅम तंतू आणि २४ ग्रॅम साखर असते. मॅग्नेशियम पावडरीत सुमारे ५०० मिलीग्रॅम, चॉकलेटमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी.

पण १०० ग्रॅम पावडर कुणी खात नाही, म्हणून ही तुलना थोडी लबाडीचीच. खरा हिशेब वेगळा मांडायला हवा. कोकोतली जी द्रव्यं आरोग्याला उपयोगी मानली जातात, ती चरबीत नसतात. चरबी वजा केल्यावर जो कोरडा कोको उरतो, त्यात ती असतात. मग विचारायचं ते असं, की तेवढाच कोरडा कोको पोटात जाण्यासाठी काय किंमत मोजावी लागते?

७० टक्क्यांच्या ३० ग्रॅम चॉकलेटमध्ये साडेबारा ग्रॅमच्या आसपास चरबी आणि बाकी साखर धरली, तर कोरडा कोको साधारण साडेआठ ग्रॅम भरतो. तेवढाच कोको दोन मोठे चमचे, म्हणजे १० ग्रॅम पावडरीत मिळतो. वडीतून घेतला तर सुमारे १८० कॅलरी आणि नऊ ग्रॅम साखर. पावडरीतून घेतला तर २३ कॅलरी आणि साखर नगण्य. जवळपास आठपट फरक! शुगर बॉर्डरवर आलेल्या माणसाला हा फरक महत्त्वाचा आहे आणि अशी माणसं आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे, की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

वडीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. कोको बटर हे संपृक्त चरबीने भरलेलं असलं, तरी त्यातला साधारण एक तृतीयांश भाग स्टिअरिक आम्लाचा असतो. हे आम्ल रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही. म्हणून चॉकलेटची चरबी ही वनस्पती तुपाएवढी बदनाम करण्याचं कारण नाही. कॅलरी मात्र कॅलरीच.

‘७० टक्के’ या आकड्याचीही एक गंमत आहे. त्यात कोरडा कोको आणि कोको बटर दोन्ही धरलेले असतात. ७० टक्क्यांच्या दोन वड्यांपैकी एकीत बटर जास्त आणि कोको कमी असू शकतो. पाकिटावरच्या टक्क्यांवरून कडूपणाचा अंदाज येतो, गुणाचा पुरता येत नाही. आणि ५० टक्क्यांच्या आसपासचं ‘डार्क’ घेतलं, तर ३० ग्रॅममागे १४ ग्रॅम साखर जाते. चहाचे तीन चमचे झाले की!

काळी म्हणजे कडक नव्हे

जुईनगरात घरून केक करून विकणाऱ्या एका ताईंच्या ओट्यावर दोन वाट्या होत्या. एकीत विटकरी झाक असलेली फिकट तपकिरी पावडर, दुसरीत जवळजवळ कोळशासारखी. दोन्हींत गरम पाणी घातलं. पहिली थोडी गुठळ्या धरून बसली आणि चव तुरट-आंबट लागली. दुसरी चटकन मिसळली, चव गुळगुळीत. मग ताईंनी पहिल्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाकला. बारीक फेस आला आणि बघता बघता रंग काळपट झाला.

‘‘बघा, झाली ना ही पण काळी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘केकमध्ये सोडा घालायचा असेल तर मी ही फिकटच घेते, नाहीतर केक फुलत नाही. काळी घेतली की बेकिंग पावडर लागते.’’

ताईंनी केकच्या निमित्ताने जे सांगितलं, तेच व्हॅन हाउटनचं रसायन. नैसर्गिक कोको आम्लधर्मी असतो, म्हणून सोड्याशी त्याची क्रिया होते. क्षारप्रक्रिया केलेल्या कोकोतलं आम्ल आधीच मारलेलं असतं. आणि आम्लाबरोबर आणखीही काही मरतं. कोकोची ख्याती ज्यांच्यामुळे आहे ती फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं क्षारात टिकत नाहीत.

किती टिकत नाहीत, हे २००८ साली अमेरिकेत मोजलं गेलं. बाजारातल्या कोको पावडरींच्या त्या तपासणीत नैसर्गिक पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिलीग्रॅम फ्लॅव्हनॉल निघाले. हलक्या प्रक्रियेच्या पावडरीत १३.८, मध्यम प्रक्रियेत ७.८ आणि कडक प्रक्रियेत अवघे ३.९. म्हणजे सर्वांत काळ्या पावडरीत नैसर्गिक पावडरीच्या नवव्या हिश्शाएवढाच माल. चहाच्या अनुभवावरून आपण गडद रंगाला जोर समजतो. कोकोच्या बाबतीत तो रंग बऱ्याचदा धुऊन गेलेल्या गुणांचा असतो.

हे ओळखायचं कसं? डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायची. घटकांत नुसतं ‘कोको सॉलिड्स’ असेल, तर पावडर बहुधा नैसर्गिक. ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ आणि त्यापुढे ५००, ५०१ असे आकडे असतील, तर सोडियम किंवा पोटॅशियमचे कार्बोनेट वापरलेत, म्हणजे क्षारप्रक्रिया झालेली आहे. डार्क चॉकलेटमध्येही प्रक्रिया केलेला कोको वापरला जातो. ही तपासणी वडीलाही लागू आहे.

हृदयाचं काय?

चॉकलेट हृदयाला चांगलं, ही समजूत कुठून आली? एक उगम पनामाच्या किनाऱ्यालगतच्या सान ब्लास बेटांवर आहे. तिथल्या कुना आदिवासींमध्ये वय वाढलं तरी रक्तदाब फारसा वाढत नाही आणि शहरात राहायला गेलेल्यांमध्ये मात्र तो वाढतो, असं हार्वर्डचे नॉर्मन हॉलनबर्ग यांच्या लक्षात आलं. बेटांवरचे लोक भरपूर कोको पितात, त्याकडे त्यांनी बोट दाखवलं. नंतरच्या अभ्यासकांनी हा संबंध इतका सरळ मानला नाही, पण गाडी सुटली होती.

पुढे प्रयोग झाले. कोक्रेन संस्थेने २०१७ साली ३५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. १,८०० च्या वर माणसं होती. फ्लॅव्हनॉलयुक्त कोकोने रक्तदाब सरासरी पावणेदोन अंकांनी उतरला. परिणाम खरा, पण लहान. १५० चा दाब त्याने १४८ होईल, १२० होणार नाही. गोळी बंद करून चॉकलेट धरण्याइतका हा आधार नाही.

सर्वांत मोठी चाचणी म्हणजे ‘कॉसमॉस’. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या नेतृत्वाखाली ६० वर्षांवरचे पुरुष आणि ६५ वर्षांवरच्या स्त्रिया मिळून २१,४४२ माणसांवर ती झाली. काहींना रोज ५०० मिलीग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल, काहींना निष्क्रिय गोळी. साधारण साडेतीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. हृदयविकाराच्या एकूण घटना १० टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले. हा निष्कर्ष आशादायक आहे, मात्र चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता. चाचणीच्या खर्चाचा काही भाग ‘मार्स’ या चॉकलेट कंपनीने उचलला होता, हेही ध्यानात ठेवावं.

आणि कळीची गोष्ट अशी, की ‘कॉसमॉस’मध्ये कुणालाच चॉकलेट दिलेलं नव्हतं. दिली होती ती कोकोच्या अर्काची कॅप्सूल. त्यात साखर नाही, बटर नाही. कॅप्सूलचं श्रेय वडी घेऊन जाते, हा सगळा घोटाळा तिथला आहे.

नियंत्रक संस्था या बाबतीत सावध राहिल्या. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली मान्य केलं, की रोज २०० मिलीग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकवायला मदत करतात. त्यासाठी भरपूर फ्लॅव्हनॉल असलेली अडीच ग्रॅम पावडर किंवा तशाच प्रतीचं १० ग्रॅम डार्क चॉकलेट पुरतं, असंही सांगितलं. इथेही पावडर एक चतुर्थांशात काम भागवते. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये किमान चार टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या खास पावडरीपुरती, तीही ‘पुरावा अत्यंत मर्यादित’ असं लिहिण्याच्या अटीवर, हृदयासंबंधीच्या दाव्याला मुभा दिली. साधी कोको पावडर आणि चॉकलेट तिने या दाव्यातून वगळलं.

कौतुकाला कुंपण

पावडर जिंकली म्हणून ती डोळे मिटून घ्यावी असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २८ डार्क चॉकलेटं तपासली आणि सगळ्यांत शिसं व कॅडमियम सापडलं. कॅडमियम झाड जमिनीतून ओढून घेतं. शिसं बहुतेक वेळा बिया उघड्यावर वाळताना धुळीतून चिकटतं. दोन्ही कोरड्या कोकोत साठतात, म्हणून दुधाच्या चॉकलेटपेक्षा डार्कमध्ये आणि पावडरीत त्यांची शक्यता जास्त. युरोपने २०१९ पासून कॅडमियमची मर्यादा घातली. पावडरीला किलोमागे ०.६ मिलीग्रॅम, जास्त कोकोच्या चॉकलेटला ०.८. यावरचा उपाय सोपा आहे. प्रमाण थोडं ठेवावं आणि लहान मुलं व गरोदर बायकांच्या बाबतीत आणखी कमी.

कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. लोहाचा आकडा पावडरीच्या डब्यावर भारी दिसतो, पण कोकोतली तुरट द्रव्यंच अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. लोहाची गोळी चालू असेल तर कोको आणि गोळीत अंतर ठेवावं, जसं चहाच्या बाबतीत ठेवतात. आम्लपित्त असणाऱ्यांना दोन्हींनी जळजळ होऊ शकते. घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवावा. कोकोतलं थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी असतं आणि पावडरीत ते वडीपेक्षा कितीतरी अधिक असतं.

केळ्याची बातमी जराशी विरस करणारी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की केळं फिरवून केलेल्या पेयासोबत फ्लॅव्हनॉल घेतले तर त्यांचं रक्तातलं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटतं. केळं कापल्यावर काळं पाडणारं विकर हे काम करतं. कोको-केळ्याचा मिल्कशेक पोराबाळांना जरूर द्या, चवीसाठी. रक्तवाहिन्यांसाठी म्हणून नको.

नावात कोको, आत साखर

पावडरीचा सगळा फायदा एका चुकीने पाण्यात जातो. फळीवर शेजारी-शेजारी तीन डबे असतात. कोको पावडर, ड्रिंकिंग चॉकलेट आणि दुधात घालायचं पौष्टिक म्हणवणारं पेय. रंग सारखा, चित्रं सारखी. पहिल्यात साखर नसते, उरलेल्या दोन्हींत ती भरघोस असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सूचना केली, की बॉर्नव्हिटासह अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली ठेवू नका. आपल्या अन्नकायद्यात तशी व्याख्याच नाही, हे तेव्हा अनेक आयांना पहिल्यांदा समजलं.

दुसरा सापळा कंपाउंडचा. केक-सामानाच्या दुकानात ‘डार्क कंपाउंड’च्या मोठ्या लाद्या मिळतात आणि दिवाळीची घरगुती चॉकलेटं बहुतेक त्यांचीच होतात, कारण साच्यात घालायला त्या सोप्या. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते. २०२२ पासून एफएसएसएआयने तेल-चरबीतल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आणली, हे बरं झालं. तरी कोको बटरची सर त्या चरबीला नाही. पश्चिम आफ्रिकेतलं पीक गडगडून २०२४ च्या डिसेंबरात कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. तेव्हा कोको कमी आणि इतर भर जास्त, हा मोह उत्पादकांना वाढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट आणि कोको पावडर दोन्हींवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. करात सूट मिळाली म्हणून घटकांची यादी वाचण्यातून सूट मिळत नाही.

मग काकांनी काय घ्यावं? काकूंचं म्हणणं बरोबर, फक्त काळी नको, फिकट घ्यावी. एक मोठा चमचा पावडर आधी थोड्या गरम पाण्यात घोटून गुठळ्या मोडाव्यात, मग दूध घालावं. दुधाने फ्लॅव्हनॉल वाया जातात की नाही यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, त्यामुळे दूध आवडत असेल तर खुशाल घालावं. साखर घालायचीच तर अर्धा चमचा, आणि तो आपल्या हाताने. पावडरीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. त्यात कुठलं द्रव्य किती, यापेक्षा साखरेचा चमचा तुमच्या हातात राहतो, हे महत्त्वाचं. वडीत तो निर्णय कारखान्यात झालेला असतो.

आणि वडी? ती खावी, एखाद-दोन चौकोन, आवडते म्हणून. दिवाळीच्या ताटातल्या चकलीला आपण रक्तदाबाचा दाखला मागत नाही आणि करंजीने कोलेस्टेरॉल उतरावं अशी अपेक्षा करत नाही. चव बघतो, मोजून खातो, दुसऱ्या दिवशी चालायला जातो. चॉकलेटलाही तोच न्याय लावला, की डबा की वडी हा वाद उरत नाही. डबा स्वयंपाकघरात, वडी फराळात. औषधाच्या कप्प्यात दोघांचंही काम नाही.